सीहॉक ते राफेल : नौदलाच्या विमानांच्या सुट्या भागांचा इतिहास

२८ एप्रिल २०२५ रोजी भारत आणि फ्रान्स यांच्यात २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला. त्यांतली २२ विमाने एका आसनाची आणि ४ दोन आसनांची असून एकूण किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये आहे. ही विमाने २०३० पर्यंत नौदलाच्या हाती येतील आणि त्यांतली एका आसनाची विमाने विमानवाहू नौकांवरून उडतील. बातमी सर्वत्र झळकली ती याच आकड्यांसह. कोणी एका विमानाची किंमत काढली, कोणी शेजारी देशांच्या विमानांशी तुलना केली.

त्याच कराराच्या सरकारी निवेदनात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रशिक्षण, सिम्युलेटर आणि शस्त्रास्त्रे यांच्या जोडीला त्यात 'कामगिरीवर आधारित देखभाल' अंतर्भूत आहे. तिचा साधा अर्थ असा की विक्रेत्याला केवळ पुरवलेल्या भागांचे पैसे मिळत नाहीत. विमाने ठरलेल्या प्रमाणात उड्डाणासाठी तयार ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. रुक्ष वाटणाऱ्या या कलमामागे आपल्या नौदलाचा साठ वर्षांहून अधिक काळचा अनुभव उभा आहे. तो अनुभव सुट्या भागांचा आहे.

हा इतिहास सांगताना सुरुवात समुद्रापासून दूर, बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधून करावी लागते. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, तेथे १६६९ सालचा एक शिलालेख आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांनी या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. आपल्याकडे देवळाला गाव इनाम देण्यामागे एक व्यवहारज्ञान असे. देऊळ एकदा बांधून होते; पण दिवाबत्ती, नैवेद्य, गळक्या छपराची डागडुजी हा खर्च रोजचा असतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्यासाठी कायमचे उत्पन्न लावून द्यावे लागते. विमानांच्या बाबतीत हे साधे शहाणपण आपल्याला फार उशिरा आणि फार महागात शिकावे लागले.

याच मल्लेश्वरमच्या शेजारी १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तिच्यात डिसेंबर १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या उभारणीत विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे, २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' हा कारखाना सुरू झाला होता. त्याचे संस्थापक सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद; त्यांना म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले. घाटगे या दोन्ही ठिकाणांशी जोडलेले होते. पुढे त्यांनीच आराखडा केलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी आकाशात झेपावले.

या कारखान्याचे खरे शिक्षण मात्र नवी विमाने बांधण्याआधी जुनी दुरुस्त करण्यात झाले. दुसऱ्या महायुद्धात तो सरकारने ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या हाती सोपवला. आशियातील आघाड्यांवरची विमाने येथे येत, उघडली जात, तपासली जात आणि परत जात. युद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रांनी बी-२४ लिबरेटर जातीची अनेक बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या तळावर मोडीत टाकली. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही करण्यात आली होती. स्वतंत्र भारताकडे बॉम्बफेकी विमाने विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा बेंगळुरूच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारातून विमाने उभी करण्याचे काम अंगावर घेतले. एकाचा भाग दुसऱ्याला लावायचा, जेमतेम उडण्याजोगे करायचे आणि बेंगळुरूला आणून पूर्ण दुरुस्त करायचे. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ही विमाने एकामागून एक कानपूरहून उडवत आणली. अशी चाळीसहून अधिक लिबरेटर हवाई दलाला मिळाली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली.

या प्रसंगाकडे आपण बहुधा जिद्दीची कथा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात एक सूचनाही होती. मोडलेल्या विमानांतून काढलेले भाग कधीतरी संपतात. भाग काढता येणे ही एक विद्या आहे आणि भाग घडवता येणे ही दुसरी. पहिलीत आपण लवकर पारंगत झालो. दुसरी अवघड होती आणि तिची परीक्षा सर्वांत कठोरपणे घेतली ती नौदलाने.

नौदलानेच का, हे समजण्यासाठी विमानवाहू नौकेवर विमान कसे उतरते ते पाहू. जमिनीवरच्या धावपट्टीची लांबी दोन-तीन किलोमीटर असते. लढाऊ विमान अलगद टेकते आणि सावकाश वेग कमी करते. नौकेच्या डेकवर त्याला थांबायला साधारण ९० मीटर जागा मिळते. ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेल्या विमानाच्या शेपटीखालचा पोलादी आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो आणि सुमारे अडीच सेकंदांत विमान उभे राहते. गणित करून पाहा : हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ मीटर. तो अडीच सेकंदांत शून्यावर आणायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीन पट ओढ विमानाच्या सांगाड्यावर पडते. दहा टनांच्या विमानाला मागे खेचणारे बल तेव्हा सत्तावीस टन वजनाइतके असते आणि ते सगळे त्या एका आकड्यातून, त्याच्या खिळीतून आणि ती खिळी ज्या चौकटीत बसवली आहे तिच्यातून वाहते.

शिवाय हे विमान टेकत नाही, आदळते. डोलणाऱ्या नौकेवर नेमक्या जागी उतरायचे असल्याने वैमानिकाला शेवटच्या क्षणी नाक उचलून उतरण्याचा वेग कमी करण्याची चैन परवडत नाही. म्हणून अशा विमानाच्या चाकांचा सांगाडा सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने होणारा आघात सोसेल असा करावा लागतो. हे एकदा नव्हे, शेकडो वेळा घडते. भरीला समुद्राची खारी हवा रात्रंदिवस धातूला खात असते. त्यामुळे जमिनीवरच्या विमानापेक्षा नौकेवरच्या विमानाला आकडे, चाके, टायर, सांधे, झडपा आणि इंजिनांची पाती अधिक वेगाने बदलावी लागतात. दुकान मात्र समुद्रात नसते. नौका बंदर सोडून निघाली की जे भाग गोदामात आहेत तेवढेच.

या पार्श्वभूमीवर आपले पहिले नौदल लढाऊ जेट पाहा. ब्रिटिश बनावटीच्या सीहॉक विमानांचे ३०० क्रमांकाचे पथक जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी तळावर स्थापन झाले. 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईला पोहोचली. गोवा मुक्त झाल्यावर दाभोळीचा विमानतळ नौदलाकडे आला आणि पुढे 'आयएनएस हंसा' हा तळ तेथे स्थिरावला. पण आपण सीहॉक घेत होतो त्याच सुमारास, १९६० च्या अखेरीस, ब्रिटिश नौदल आपल्या आघाडीच्या पथकांतून ती काढून टाकत होते. मूळ मालकच ज्या यंत्राचा वापर थांबवतो, त्याचे भाग बनवण्यात कारखान्याला रस उरत नाही. आपण विमान घेतले तेव्हाच त्याच्या सुट्या भागांचा झरा आटू लागला होता.

मग भाग आले कुठून? काही प्रमाणात दुसऱ्या विमानांतून. पश्चिम जर्मनीचे नौदलही सीहॉक वापरत होते आणि ते आता स्टारफायटरकडे वळले होते. त्यांची २८ जुनी सीहॉक १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर भारतात पोहोचली. ती सरळ मार्गाने आली नाहीत. १९६५ च्या युद्धानंतर भारत किंवा पाकिस्तान यांना शस्त्रे न विकण्याचे जर्मन सरकारचे जाहीर धोरण होते. त्यामुळे कागदोपत्री विमाने इटलीला विकली गेली आणि प्रत्यक्षात भारताकडे आली. ज्या शस्त्रव्यापाऱ्याने हा व्यवहार जुळवला, त्यानेच ९० सेबर विमाने इराणच्या नावावर विकली आणि ती पाकिस्तानला मिळाली. पुढे जर्मनीत त्याच्यावर खटला चालला. जर्मन गुप्तचर खात्याला या व्यवहारांची कल्पना होती असे त्यात पुढे आले आणि तो निर्दोष सुटला. परस्परांचे वैरी असलेले दोन शेजारी आपापली विमाने टिकवण्यासाठी एकाच दुकानाच्या मागच्या दाराशी उभे होते, हे त्या काळाचे चित्र आहे.

१९७१ च्या डिसेंबरात याच जुन्या सीहॉकांनी मोठी कामगिरी केली. ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. चितगावचे बंदर आणि विमानतळही त्यांच्या टप्प्यात आले. त्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता आणि नौकेचा वेग त्यामुळे मर्यादित होता. ही नुसती गैरसोय नव्हती. नौका वाऱ्याच्या दिशेने जितक्या वेगाने जाते तितका वारा डेकवर जास्त मिळतो आणि विमानाला तितक्या कमी धावेत उडता येते. बॉयलरचा तडा अशा रीतीने थेट विमानाच्या पंखापर्यंत पोहोचत होता : वेग कमी, म्हणून वारा कमी, म्हणून इंधनाचा आणि शस्त्रांचा भार किती न्यायचा याचा हिशेब अधिक काटेकोर. त्या विजयात वैमानिकांइतकाच वाटा डेकखालच्या गरम कोठड्यांत घाम गाळणाऱ्या तंत्रज्ञांचा आहे.

सीहॉकनंतर सी हॅरिअर आले. १६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली तीन विमाने दाभोळीला उतरली. उभ्या उभ्या उतरू शकणारे हे विमान तारेच्या धक्क्यातून वाचले. पण त्याचे पेगासस इंजिन, चार फिरणाऱ्या नळ्यांतून झोत खाली वळवणारे, अत्यंत गुंतागुंतीचे होते आणि त्याची मुळे ब्रिटनमध्ये होती. दोन दशके हे विमान 'विक्रांत' आणि नंतर 'विराट'वरून उडत राहिले. २००६ मध्ये ब्रिटिश नौदलाने आपली सी हॅरिअर निवृत्त केली. सीहॉकच्या वेळचाच प्रश्न पुन्हा समोर आला. ब्रिटनची आठ निवृत्त विमाने घेण्याचा विचार झाला. परंतु त्यांतले महत्त्वाचे रडार काढून विमाने देण्याची अट होती, आणि बोलणी थांबली. दरम्यान बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने उरलेल्या विमानांत इस्रायली रडार आणि क्षेपणास्त्रे बसवून त्यांचे आयुष्य वाढवले. ११ मे २०१६ रोजी गोव्यात सी हॅरिअरला निरोप देण्यात आला, तेव्हा सुमारे तीसपैकी मोजकीच शिल्लक होती.

या दोन विमानांच्या मध्ये एक वर्ष येते ते विसरता कामा नये. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे ब्रिटनमध्ये बांधलेली होती. पण त्यांच्या कित्येक भागांचा उगम अमेरिकी होता. तो पुरवठा बंद पडला आणि हेलिकॉप्टरे जमिनीवर उभी राहिली. एका देशाकडून विमान घेतले म्हणजे त्या एकाच देशावर अवलंबून राहिलो असे नसते; त्याच्या प्रत्येक भागाच्या जन्मगावावर आपण अवलंबून असतो, हा धडा तेव्हा मिळाला. त्याच निर्बंधांचा दुसरा घाव बेंगळुरूवर पडला. हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे आजच्या तेजसच्या, उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर भारतीय अभियंते अमेरिकेतील लॉकहीड मार्टिन कंपनीत काम करत होते. त्यांना परत पाठवण्यात आले आणि उपकरणेही अडकून पडली. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि वैमानिक विकास संस्था यांनी मिळून ते काम बेंगळुरूमध्येच पूर्ण केले. ४ जानेवारी २००१ रोजी तेजसच्या पहिल्या नमुन्याने उड्डाण केले.

तरीही नौदलाला तातडीने विमाने हवी होती. 'विक्रमादित्य'साठी २००४ मध्ये १६ आणि २०१० मध्ये आणखी २९ मिग-२९के विमानांचा करार रशियाशी झाला. विमान नवे होते. सीहॉकसारखी जुन्याची अडचण येथे नव्हती. तरी काय झाले ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजेच कॅगने, २०१६ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात नोंदवलेले आहे. एका आसनाच्या विमानांपैकी उड्डाणासाठी तयार असलेल्यांचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान होते. दोन आसनांच्या विमानांत ते २१.३० ते ४७.१४ टक्के होते. आलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने आराखड्यातील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. डेकवर उतरताना विमानांच्या भागांत वारंवार बिघाड होत असल्याचेही त्यात म्हटले आहे.

या टक्क्यांचा अर्थ असा : दहा लढाऊ विमाने ताफ्यात असतील तर चांगल्या दिवशी त्यांतली चार उडू शकतात आणि वाईट दिवशी दोनही पुरती नाहीत. कागदावरची ४५ विमाने आणि आकाशातली विमाने या दोन वेगळ्या संख्या आहेत. जी विमाने उभी राहतात त्यांच्यातून भाग काढून दुसरी उडती ठेवण्याचा मोह तेव्हा प्रत्येक तंत्रज्ञाला होतो. कानपूरच्या भंगारातून लिबरेटर उभी करताना जी युक्ती कौतुकाची होती, तीच नव्या ताफ्यात आजाराचे लक्षण ठरते. कारण काढलेला प्रत्येक भाग दोनदा उघडला जातो, दोनदा बसवला जातो आणि मागे एक रिकामे विमान ठेवून जातो. युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाकडून येणाऱ्या भागांविषयीची चिंता अधिकच वाढली.

येथे वाचकाच्या मनात स्वाभाविक प्रश्न येईल : आपण मंगळापर्यंत यान पाठवतो, मग एक बोल्ट आपल्याला बनवता येऊ नये? मल्लेश्वरमहून यशवंतपूर ओलांडून वायव्येला गेले की पीण्या ही विशाल औद्योगिक वसाहत लागते. तेथील लहानमोठ्या कारखान्यांत विमाने आणि अवकाशयाने यांचे भाग रोज कातले जातात. बोल्टचा आकार घडवणे ही त्यांच्या दृष्टीने अवघड गोष्ट नाही. अडचण आकारात नसते.

चाकांच्या सांगाड्यातला एखादा बोल्ट घ्या. तो अतिशय कणखर पोलादाचा असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून त्यावर बहुधा कॅडमिअमचा मुलामा देतात. मुलामा देण्याच्या विद्युत-रासायनिक क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो आणि त्याचे सूक्ष्म अणू पोलादात शिरतात. पोलाद जितके कणखर तितका हा हायड्रोजन घातक. तो धातूला आतून ठिसूळ करतो. म्हणून मुलामा दिल्यावर काही तासांच्या आत तो बोल्ट सुमारे १९० अंश सेल्सिअस तापमानाला जवळजवळ दिवसभर भट्टीत ठेवावा लागतो, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. ही पायरी चुकली तर बोल्ट दिसायला चकचकीत, मापाला अचूक, वजन टांगून पाहिले तर पक्का. आणि तरीही काही तासांनी किंवा दिवसांनी, भार असताना, कसलीही पूर्वसूचना न देता तुटणारा. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तो फक्त नोंदीत दिसतो : पोलाद कोणत्या ओतीचे, भट्टी किती वाजता लावली, किती वाजता काढली, चाचणीचा तुकडा कधी तोडून पाहिला.

म्हणजे सुटा भाग हा धातूइतकाच कागदाचाही बनलेला असतो. मूळ उत्पादक हे ज्ञान विमानासोबत विकत नाही. आपल्याला तो भाग स्वतः घडवायचा असेल तर त्याच्यावर किती भार येतो, कितीदा येतो आणि तो नेमका कुठे थकतो हे आधी शोधावे लागते. मग घडवलेला भाग त्या भारांखाली हजारो वेळा तपासून, बेंगळुरूतल्याच सेमिलॅक या लष्करी उड्डाणयोग्यता प्रमाणित करणाऱ्या संस्थेची मान्यता मिळवावी लागते. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्याची बातमी होत नाही.

नौदलासाठीच्या तेजसची कथा या दृष्टीने पुन्हा वाचायला हवी. तिचा पहिला नमुना २७ एप्रिल २०१२ रोजी बेंगळुरूत उडाला. गोव्यात हंसा तळावर नौकेच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती उभारण्यात आली, आणि २० डिसेंबर २०१४ रोजी तिच्या वर वळलेल्या टोकावरून कमोडोर जयदीप मावळणकर या मराठी चाचणी वैमानिकाने ते विमान झेपावले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथेच आकडा तारेत अडकवून पहिले उतरणे यशस्वी झाले. ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरांनी ते विमान 'विक्रमादित्य'च्या डेकवर उतरवले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते देशी बनावटीच्या नव्या 'विक्रांत'वरही उतरले.

एवढे होऊनही हे विमान ताफ्यात आले नाही. २०१६ मध्येच नौदलप्रमुखांनी ते आपल्या गरजेच्या मानाने जड असल्याचे सांगितले होते. एक इंजिन, त्यावर मजबूत केलेल्या चाकांच्या सांगाड्याचे ओझे. पुरेशी शस्त्रे आणि इंधन घेऊन नौकेवरून उडणे त्याला जमणारे नव्हते. समाजमाध्यमांवर याची चेष्टाही झाली. नौदलाचा निर्णय योग्यच होता, कारण युद्धात दया नसते. परंतु कार्यक्रम वाया गेला, हे म्हणणे योग्य नाही. आकड्यावर किती ओढ पडते, चाकांच्या खांबाला आदळताना कसा हादरा बसतो, त्याचा कोणता भाग गरजेपेक्षा जड केला गेला होता, हे आता आपल्या अभियंत्यांनी स्वतः मोजलेले आहे. सीहॉक, सी हॅरिअर आणि मिग यांच्या बाबतीत हे आकडे परक्यांच्या कपाटात होते. दोन इंजिनांच्या पुढच्या नौदल विमानाचा आराखडा याच आकड्यांच्या आधारावर बेंगळुरूत आकार घेत आहे.

अर्थात आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. तेजसचे इंजिन आजही अमेरिकी आहे. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले, आणि तोवर हवाई दलाच्या नव्या तेजसांची रांग खोळंबली. या खेपेला निर्बंध नव्हते, वैरही नव्हते. परक्या कारखान्याची पुरवठ्याची साखळी विस्कळीत झाली एवढेच. आपल्याकडील वेळापत्रक मोडायला तेवढे पुरले.

राफेल-मरीनच्या करारातील ते रुक्ष कलम या सगळ्यानंतर वेगळे दिसू लागते. साठ वर्षांपूर्वी आपण विमाने मोजून घेतली आणि भागांची चिंता मागाहून केली. आता विमानांच्या जोडीला त्यांच्या तयारीची हमी मागितली गेली आहे. ही प्रगती आहे. मात्र हमी देणाराही अखेर परकाच आहे आणि कराराची मुदत विमानाच्या आयुष्यापेक्षा लहान असते. नौकेवरचे लढाऊ विमान तीस वर्षे वापरले जाते. त्या तीस वर्षांत जगात किती सरकारे बदलतील, किती कारखाने बंद पडतील, कोणाशी कोणाचे वाजेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. तोवर यांतले किती भाग पीण्याच्या भट्टीतून, योग्य वेळी, योग्य नोंदीसह बाहेर पडू लागतात, यावर या ६३ हजार कोटींचे खरे मोल ठरेल.

मल्लेश्वरमच्या देवळात साडेतीन शतकांनंतर आजही दिवा लागतो. एकोजीराजांनी शिलालेखात कोरून ठेवले ते देवळाचे वर्णन नव्हे, त्याच्या निर्वाहाची व्यवस्था. पुढच्या वेळी एखाद्या नव्या विमानाची बातमी आली, तर त्याचा वेग आणि पल्ला अवश्य वाचावा. आणि मग एक प्रश्न विचारावा : याच्या दिवाबत्तीला कोणते गाव लावून दिले आहे?